आट्यांची सळई

माझी मावशी टायपिंग शिकवायची. दोन खोल्यांचा क्लास, भिंतीला लागून टेबलं आणि टेबलांवर काळी, वजनदार यंत्रं. विद्यार्थ्यांच्या हातांवर ती फडकं टाकायची आणि न बघता टाइप करायला लावायची. कुणी फडक्याखाली डोकावलं, की "डोळ्यांनीच टाइप करायचं होतं तर बोटं घरी ठेवून यायचीस," असं सगळ्यांदेखत ऐकवायची. नाकावर माशी बसू द्यायची नाही. पण एखादं यंत्र अडलं, की मात्र त्याच्या वाटेला जायची नाही. दुरुस्तीवाल्याला निरोप धाडायची आणि तो येईपर्यंत त्याच्या नावाने खडे फोडत बसायची. तेल, ग्रीस आणि स्क्रू यांचा तिला मनापासून तिटकारा होता.

काका, म्हणजे तिचा नवरा, तिच्या क्लासात विद्यार्थी म्हणूनच आले होते. ते वीज कंपनीत मीटर तपासायचं काम करायचे. बढतीसाठी टायपिंगची परीक्षा द्यायची होती. परीक्षेत आपटले, पण मास्तरणीशी लग्न जमवून गेले. त्यामुळे मावशी त्यांना जन्मभर अरे-तुरे करत आली. आमची आजी कुरकुर करायची, तेव्हा मावशी म्हणायची, "विद्यार्थ्याला अहो म्हणतात का कुठे? आणि तोही नापास झालेल्या?" काका नुसते हसायचे. मूल झालं नाही त्यांना, त्याचं दुःख दोघांनीही कधी चारचौघांत मांडलं नाही. आम्हा भाचरांना मात्र त्या घरात हवा तो धुडगूस घालायची मुभा होती.

काकांना हौस एकच होती आणि ती दारातून आत मावत नव्हती. त्यांच्याकडे साइडकारची मोटरसायकल होती. जुनी, जाडजूड गाडी आणि तिच्या डाव्या अंगाला जोडलेला, नाकाशी निमुळता होत गेलेला पत्र्याचा डबा. त्याला स्वतःचं एक चाक, आत एक गादी आणि समोर वाऱ्याला अडवणारी छोटीशी काच. आमच्या अख्ख्या शहरात अशी दुसरी गाडी नव्हती. आम्ही तिला होडी म्हणायचो, मावशी तिला सवत म्हणायची. कॉलेजच्या फाटकाशी काका मला होडीतून सोडायला आले, की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. चहाच्या टपरीवरची सगळी पोरं उठून बघायची. काकांना त्यातच आनंद होता. गाडी चालवणं त्यांचं काम, तिची देखभाल मिस्त्रींचं. मिस्त्री म्हणजे नदीपलीकडचे एक म्हातारे गृहस्थ, ज्यांनी तरुणपणी अशा बऱ्याच गाड्या हाताळल्या होत्या. काका गाडी त्यांच्याकडे सोडायचे आणि शेजारी स्टूल टाकून गप्पा छाटायचे.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी काकांना झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, बोलणं जड झालं. दवाखान्यातून घरी आले आणि खिडकीशी जे बसले, ते उठेनात. चाकांची खुर्ची आणली तर तोंड फिरवलं. रिक्षातून फिरवून आणू म्हटलं तर एकदाच आले. उतरवताना कोपऱ्यावरचे चार लोक थांबून बघत राहिले, तेवढं पुरलं. मावशीने खूप समजावलं, खूप ओरडली, शेवटी हात टेकले. मग एका सकाळी ते स्वतःहून बोलले. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता त्यांना.

"रिक्षातून उतरवतात... तेव्हा लोक मला बघतात. होडीतून गेलो... तर गाडीला बघतील. तू चालव."

मावशी तेव्हा साठीला आली होती. तिने आयुष्यात साधी स्कूटर चालवली नव्हती. मला वाटलं, आता ती असा काही समाचार घेईल की काका परत तोंड उघडणार नाहीत. पण ती तशीच उठली आणि मिस्त्रींकडे गेली. मैदानात त्यांनी तिला शिकवलं. मिस्त्रींचं म्हणणं असं, की बाईंना मोटरसायकल येत नाही हेच बरं आहे. ज्यांना येते ते वळणावर सवयीने झुकायला जातात, आणि ही गाडी झुकत नाही, हँडल ओढूनच वळवावी लागते. नवऱ्याला होडीत बसवून मावशी पहिल्यांदा आमच्या गल्लीतून गेली, तेव्हा मी गच्चीवर होते. तिचा चेहरा परीक्षेला बसल्यासारखा होता आणि काका हसत होते. अर्धाच चेहरा हसत होता, पण किती महिन्यांनी! मी गच्चीवर उभ्या उभ्या रडले.

रोज सकाळी दोघं शहराबाहेरच्या तलावावर जाऊ लागली. बांधावर गाडी उभी करायची, काकांनी होडीतच बसून डबा खायचा, पाण्याकडे बघायचं आणि परत यायचं. तेवढ्यासाठी ते आदल्या संध्याकाळपासून तयार असायचे.

मग मिस्त्रींची नजर गेली. त्यांच्या मुलीने त्यांना आपल्याकडे न्यायचं ठरवलं आणि गॅरेजला कुलूप लागलं. मावशी होडी घेऊन दुसऱ्या गॅरेजात गेली. तिथला म्हणाला, "काकू, तीन चाकं आहेत, रिक्षावाल्याकडे जा." रिक्षावाल्याचा मेकॅनिक म्हणाला, "ही तर मोटरसायकल आहे." तिसऱ्याने ठेवून घेतली आणि आठवड्याने परत दिली, तेव्हा ती आधी नव्हती तेवढी खोकत होती. तो आठवडा काका खिडकीशी बसून होते. जेवायला उठवलं तरी मान हलवायचे.

"आता मीच शिकते," मावशी मला म्हणाली.

"मावशी, तुला रिबन बदलायचाही कंटाळा."

"रिबन बदलली नाही म्हणून कुणी खिडकीशी बसून मरत नव्हतं."

मिस्त्री जायला अजून थोडे दिवस होते. ती रोज त्यांच्याकडे जाऊ लागली. त्यांना दिसत नव्हतं आणि तिला कळत नव्हतं, अशी ती शिकवणी. पण तीच तिला मानवली. मिस्त्री नट बोटांनी चाचपून सांगायचे आणि तीही डोळे मिटून चाचपायची. फडक्याखाली टाइप करायला लावणारी बाई आता इंजिनाखाली हात घालून, न बघता, कुठला बोल्ट सैल आहे ते हुडकू लागली. चुका करायच्या त्या सगळ्या केल्या. इंजिनाचं तेल म्हणून गिअरबॉक्सचं तेल सोडलं आणि इंजिनात दुप्पट ओतलं. अंगणभर काळा धूर झाला आणि शेजारच्या वहिनी बादली घेऊन धावत आल्या. कार्बोरेटर उघडताना एक बारीक स्प्रिंग उडाली, ती आम्ही दोघी गुडघ्यांवर रांगत शोधत होतो. काका पायरीवरून बघायचे आणि डाव्या हाताने कुठे ते दाखवायचे. बहुतेक वेळा चुकीचं दाखवायचे. त्यांनी गप्पांखेरीज मिस्त्रींकडून काहीच शिकून घेतलं नव्हतं, हे तेव्हा उघडकीला आलं.

सगळ्यात अवघड काम होतं गाडी जुळवायचं. मोटरसायकल आणि साइडकार ही दोन शरीरं. ती एकमेकांशी नीट जुळली नाहीत तर गाडी एका बाजूला ओढते आणि चालवणाऱ्याचे खांदे भरून येतात. त्यासाठी सीटखालून साइडकारच्या सांगाड्यापर्यंत एक सळई असते. तिच्या टोकांना स्क्रूसारखे आटे असतात. पान्याने फिरवली की सळई लांब किंवा आखूड होते आणि मोटरसायकल त्या मानाने बाहेर कलते किंवा आत येते. मिस्त्रींनी तिच्याकडून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घोकून घेतली होती. रोज जो बसतो त्याला आत बसवल्याशिवाय त्या सळईला पाना लावायचा नाही. रिकामी गाडी सरळ केली, तर माणूस बसल्यावर ती वाकडी चालणार.

मावशीने ते अक्षरशः पाळलं. काकांना होडीत बसवायचं, सीटच्या मागे कल बघायला ओळंबा सोडायचा, चाकांना लावून दोन सरळ पट्ट्या ठेवायच्या आणि मग पाना. पहिल्यांदा जुळली तेव्हा तिने मोकळ्या रस्त्यावर क्षणभर दोन्ही हात हँडलवरून उचलून पाहिले. गाडी सरळ गेली. घरी येऊन तिने हे मला इतक्या आनंदाने सांगितलं, की तिच्यावर ओरडायचं माझं राहून गेलं.

ते वर्ष त्या दोघांचं सुखात गेलं. मी हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणालाही वाटेल की ती फसली. तलावावर गेल्यावर मावशी काकांच्या मांडीवर डबा उघडून द्यायची आणि स्वतः इंजिनाशी बसायची. प्लग काढ, पूस, केबलला तेल दे, काही ना काही चालायचं. बांधावरची कुत्री होडीचा आवाज आला की धावत यायची. "त्यांना गाडी आवडते," मावशी म्हणायची. काकांना उचलून बसवायला पूर्वी मला जावं लागायचं, आता तिची तीच बसवू लागली. दंड पुढे करून मला म्हणायची, "बघ, पाना फिरवून फिरवून पैलवान झालेय."

मधूनमधून गाडी उजवीकडे ओढू लागायची. मग मावशी काकांना आत बसवून सळई थोडी आखूड करायची आणि गाडी सरळ व्हायची. काही आठवड्यांनी पुन्हा तेच. तिला त्यात विशेष काही वाटत नव्हतं. जुनी गाडी आहे, मागण्या असणारच. उलट आता ही जुळवणी तिच्या हातचा मळ झाली होती.

एका रविवारी मी गेले, तेव्हा अंगणात तेच चाललं होतं. काका होडीत बसलेले, अंगात दोन स्वेटर आणि वर कोट. ओळंबा धरायचं काम माझ्याकडे आलं. मावशीने पाना लावला, जोर दिला, पुन्हा दिला.

"सळई संपली," ती म्हणाली.

मी वाकून पाहिलं. जे आटे पूर्वी बाहेर दिसायचे ते सगळे आत गेले होते. सळई आता याहून आखूड होणार नव्हती.

"काहीतरी वाकलं असेल," मी म्हटलं.

"सगळं मोजलंय. काही वाकलेलं नाही."

"मग स्प्रिंग दमली असेल साइडकारची."

"स्प्रिंग दमली तर साइडकार खाली बसते. मग गाडी डावीकडे ओढायला हवी. ही उजवीकडे ओढतेय. म्हणजे साइडकार वर उचलली जातेय. म्हणजे आतलं..."

ती तिथेच थांबली. पाना हातात तसाच. मग तिने मान वर करून काकांकडे पाहिलं. काका छोट्या काचेतून समोरच्या भिंतीकडे बघत होते, जणू गाडी चालू आहे आणि रस्ता पुढे पळतोय. मावशी उठली. तिने हातही पुसले नाहीत. कोटाची बटणं काढली, दोन्ही स्वेटर वर केले आणि शर्टावरून हात फिरवला. न बघता फिरवला, डोळे मिटून. पांढऱ्या शर्टावर बरगडीबरगडीवर तेलाची बोटं उमटली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"काय?"

"घास उतरत नाही तुझा. कधीपासून?"

काकांनी डाव्या हाताने कोट पुढे ओढला.

"ती कुत्री," मावशी म्हणाली. "ती गाडीसाठी धावत येत नव्हती. डबा टाकायचास तू त्यांना."

"सगळा नाही," काका म्हणाले. मग शब्द ओढत, "दुखतं... गिळताना. सांगितलं असतं तर... दवाखान्यात टाकलं असतंस. तलाव बंद झाला असता." आणि तिच्याकडे बघत, "तू इंजिनात डोकं घालून बसायचीस. खूश दिसायचीस."

मावशी होडीच्या चाकाला टेकून खाली बसली. "आणि मी म्हणत होते, माझ्या दंडात बळ आलं," ती म्हणाली. "अरे, तू झिजत होतास आणि मी दर वेळी पाना घेऊन सगळं सरळ करत होते. इतकं छान सरळ करत होते, की मलाच कळू दिलं नाही मी."

मला राग आला होता. काकांचा आला, तिचा आला, त्या गाडीचा तर इतका आला की लाथ घालावीशी वाटली. दर आठवड्याला त्यांच्या घरी चहा पिणाऱ्या आम्हा डोळस माणसांना दोन स्वेटरांच्या आतला माणूस दिसला नव्हता. मी ओळंबा गुंडाळत बसले.

अन्ननलिकेत गाठ निघाली. डॉक्टर भले होते, तरुण होते. वजन कधीपासून उतरतंय, असं त्यांनी विचारलं. उन्हाळा संपताना पहिल्यांदा सळई आखूड करावी लागली, तिथपासून मावशीने एकेक जुळवणी सांगितली. त्यांनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, आधीचा झटका आहे, वय आहे, शरीरात काही उरलेलं नाही. ऑपरेशनचा फायदा होईल असं त्यांना वाटत नव्हतं. पातळ खाणं कसं द्यायचं आणि दुखणं कसं कमी करायचं, ते त्यांनी समजावलं. "आणि त्यांना आवडतं ते करू द्या," असं म्हणाले. डॉक्टर हे वाक्य कधी बोलतात ते मावशीला माहीत होतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर लेथवाल्याकडे गेले. जुनी सळई तिने त्याच्यापुढे ठेवली.

"अशीच, पण आखूड हवी," ती म्हणाली.

लेथवाल्याने सळई उलटसुलट करून पाहिली. "किती आखूड?"

"आत्ता बोटभर. पण आटे लांबपर्यंत पाडा. आणखी आखूड करावी लागणार आहे."

"किती लांब, ताई?"

मावशीने सळईवर दोन बोटं ठेवली, मग ती थोडी पुढे सरकवली. तिथेच ठेवून राहिली. लेथवाला खडू घेऊन वाट बघत होता. "इथपर्यंत," ती शेवटी म्हणाली. त्याने खूण केली आणि मशीन सुरू केलं. मी बाहेर येऊन रस्त्यावर उभी राहिले. आत थांबणं माझ्याने झालं नाही.

तलावावर जाणं चालू राहिलं. आता मावशी इंजिनाला हात लावायची नाही. डब्यात पातळ पेज असायची. चमच्याने भरवायची, एका चमच्याला कितीही वेळ लागला तरी. कुत्री येऊन बसायची आणि काही मिळत नाही म्हटल्यावर तिथेच झोपायची. काकांना कण्हल्याशिवाय वळता येईना तेव्हाही सकाळ झाली की ते डावा हात कोटाकडे करायचे. गाडी उजवीकडे ओढू लागली की मावशी त्यांना आत बसवून पाना लावायची. आता दोघांनाही ठाऊक होतं ती काय मोजतेय. एकदा मी समोर असताना काकांनी विचारलं, "किती?" आणि ती म्हणाली, "अर्धा फेरा." ते म्हणाले, "बरं." मला ते ऐकवेना, आणि तरी सांगते, इतकं खरं बोलताना मी दुसऱ्या कुणा नवरा-बायकोला पाहिलेलं नाही.

शेवटी श्वास लागला. रुग्णवाहिका बोलावू म्हटलं तर काकांनी मान हलवली. मावशीने त्यांना पांघरुणात गुंडाळून होडीत बसवलं आणि दवाखान्यात नेलं. मी रिक्षाने मागून गेले. वाटेत सिग्नलला लोक वळून वळून गाडीकडे बघत होते. काका दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. मावशीचा हात त्यांच्या हातात होता आणि ती रडली नाही. कागदांवर सह्या केल्या, सिस्टरला धन्यवाद दिले, कोट घडी करून घेतला.

दवाखान्याची गाडी त्यांना घरी आणणार होती. मी म्हटलं, होडी इथेच राहू दे, उद्या कुणालातरी पाठवू. ती म्हणाली, "कुणाला? कुणाला येते चालवता?" आणि फाटकाकडे निघून गेली. मी काकांजवळ बसून आले.

आम्ही पोहोचलो तेव्हा होडी अंगणात उभी होती. मावशी तिच्याशेजारी जमिनीवर बसली होती, दोन्ही मनगटं मांडीवर उलटी टाकून.

"लागलं का काही?" मी घाबरून विचारलं.

"रिकामी गाडी उजवीकडे ओढणार ना," ती म्हणाली. "म्हणून निघतानाच हँडल डावीकडे दाबून धरलं होतं. सगळा जोर लावून. आणि गाडी डावीकडेच गेली गं. फुटपाथवर चढत होती. मग हात सैल सोडले..."

तिने हात सैल सोडून दाखवले.

"सरळ आली. इथपर्यंत सरळ आली. तो इतका कमी झाला होता, की आत नाही हे गाडीला कळलंसुद्धा नाही."

आणि मग ती रडली. मोठ्याने, तोंड न झाकता रडली. शेजारच्या वहिनी धावत आल्या आणि मी तिला धरून तिथेच खाली बसले.